लिंकन, तारीखवार : कोल्हापुरातील एका वाचनवर्गाचे परीक्षण

राजारामपुरीतील एका खासगी अभ्यासिकेने या पावसाळ्यात रविवारी सकाळी एक सशुल्क वाचनवर्ग चालवला. विषय होता अब्राहम लिंकन यांची गुलामगिरी आणि वंश यांबद्दलची मते. दोन-दोन तासांची ६ सत्रे, शुल्क ६०० रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना निम्मे, आणि त्यातच मूळ भाषणे, पत्रे व आदेश यांच्या मराठी अनुवादाची स्पायरल केलेली पुस्तिका, असे त्याचे स्वरूप होते. दिवाळीनंतर दुसरी तुकडी सुरू होणार असल्याचे संयोजकांनी सांगितले आहे. नाव नोंदवावे की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी हे थोडे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. वर्ग जरूर करावा. इतक्या काळजीने एखाद्या वंदनीय पुढाऱ्याची मते तपासण्याचे काम आपल्याकडे सहसा होत नाही. मात्र पुस्तिकेत एक मोठी पोकळी राहिली आहे आणि ती भरून काढूनच दुसरी तुकडी बसवावी, असे मला मनापासून वाटते.

मराठी माणसाच्या मनातले लिंकन बहुतेक वेळा शाळेच्या भिंतीवरून आलेले असतात. मुलाच्या हेडमास्तरांना त्यांनी लिहिलेले म्हणून जे पत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकटीत लावलेले असते, ते आपल्यापैकी कित्येकांना जवळजवळ पाठ आहे. वर्ग घेणारे सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. पहिल्याच सत्रात त्यांनी ते पत्र एका विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घेतले आणि मग सांगितले की लिंकन यांच्या संकलित लेखनात असे पत्र कुठेही सापडत नाही. सभागृहात चुळबुळ झाली. एका शिक्षिकेने विचारले, “सर, मग आम्ही मुलांना काय सांगायचे?” त्यावर सरांनी उत्तर दिले की पत्रातला उपदेश चांगला वाटत असेल तर तो उपदेश म्हणून खुशाल शिकवावा, पण ज्या माणसाने तो लिहिल्याचा पुरावा नाही त्याच्या नावावर तो घालू नये. वर्गाची शिस्त इथेच ठरली. ज्या वाक्याला तारीख नाही, ठिकाण नाही आणि समोर ऐकणारा कोण होता हे माहीत नाही, ते वाक्य चर्चेत घ्यायचे नाही.

पुस्तिकेची मांडणी याच शिस्तीतून आली आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर चार गोष्टींची चौकट आहे: दिनांक, गाव, श्रोते किंवा पत्र ज्याला लिहिले तो, आणि त्या दिवशी लिंकन कोणत्या पदावर होते. चौकटीखाली मजकूर आणि उजवीकडे टिपणासाठी मोकळी जागा. दिसायला साधी गोष्ट आहे, पण तिचा उपयोग फार होतो. ‘मी गुलामगिरीचा द्वेष करतो’ असे म्हणणारा माणूस आणि ‘दोन्ही वंशांची समानता मला नको’ असे म्हणणारा माणूस एकच आहे, हे नुसते सांगितले तर धक्का बसतो आणि विचार तिथेच थांबतो. पान उलटताना वरची चौकट वाचावी लागते, तेव्हा धक्क्याच्या जागी प्रश्न उभा राहतो.

सुरुवातीची पाने वकिलीच्या काळातली आहेत आणि ती निवडताना सरांनी कोणाचीही भीड ठेवलेली नाही. १८३७ साली इलिनॉयच्या विधिमंडळात लिंकन यांनी एका सहकाऱ्याबरोबर निवेदन नोंदवले. गुलामगिरी अन्याय आणि वाईट धोरण या दोन्हींवर उभी आहे असे त्यात म्हटले होते, पण तिच्या उच्चाटनाची चळवळ त्या दुष्टतेत भरच घालते असेही त्याच निवेदनात होते. १८४१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी नान्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या मुक्ततेशी निगडित खटला जिंकला. १८४७ साली मात्र ते केंटकी या गुलामीच्या राज्यातल्या रॉबर्ट मॅटसन नावाच्या गुलाममालकाच्या बाजूने उभे राहिले. जेन ब्रायंट आणि तिची मुले आपल्याला परत मिळावीत अशी त्याची मागणी होती. लिंकन तो खटला हरले आणि ते कुटुंब मुक्त झाले. आमच्या वर्गात एक वकीलसाहेब होते. अशिलाची बाजू म्हणजे वकिलाचे मत नव्हे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. सरांनी ते मान्य केले, पण हे वकीलपत्र घेण्याची सक्ती लिंकन यांच्यावर नव्हती, एवढे ध्यानात ठेवायला सांगितले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि सरांनी घाईने निकाल दिला नाही, हे मला आवडले.

१८५४ सालचा कॅन्सस-नेब्रास्का कायदा हा विषय रूक्ष आहे आणि तो उरकल्यासारखाच झाला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी हे तिथल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी मतदानाने ठरवावे अशी मुभा त्या कायद्याने दिली आणि त्यामुळे लिंकन राजकारणात पुन्हा उतरले, इतके समजले तरी पुढचे कळते. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला पिओरिया येथे केलेल्या भाषणाचे पान मात्र थांबून वाचण्यासारखे आहे. गुलामगिरीला ते तिथे राक्षसी अन्याय म्हणतात. पुढे कबूल करतात की सगळी सत्ता हाती दिली तरी या संस्थेचे काय करावे हे आपल्याला कळणार नाही. पहिला विचार मनात येतो तो सर्वांना मुक्त करून आफ्रिकेतल्या लायबेरियाला पाठवण्याचा. मग स्वतःलाच विचारतात की त्यांना मुक्त करून राजकीय आणि सामाजिक बाबतीत आपल्या बरोबरीचे करावे काय, आणि उत्तर देतात की आपल्या भावना याला तयार नाहीत, आपल्या तयार झाल्या तरी बहुसंख्य गोऱ्यांच्या होणार नाहीत. अन्याय दिसतो आहे, अन्याय भोगणाऱ्याला शेजारी बसवण्याची तयारी नाही. हे पान वाचताना वर्गातल्या कोणालाही ते परक्या देशातले वाटले नाही.

तिसरे सत्र १८५८ सालच्या सेनेट निवडणुकीवर आहे आणि ते सगळ्यांत रंगले. स्टीफन डग्लस यांच्याविरुद्ध लिंकन उभे होते, दोघांच्या ७ जाहीर सभा झाल्या, आणि डग्लस प्रत्येक ठिकाणी लिंकन यांच्यावर वंशसमानतेचा आरोप करत होते. पुस्तिकेत समोरासमोरच्या दोन पानांवर दोन उतारे दिले आहेत. डावीकडे १० जुलैचे शिकागो. हा वंश आणि तो वंश, हा माणूस आणि तो माणूस कनिष्ठ, ही सगळी वटवट सोडून द्या आणि सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पुन्हा एक व्हा, असे लिंकन तिथे सांगतात. उजवीकडे १८ सप्टेंबरचे चार्ल्स्टन. गोऱ्या आणि काळ्या वंशांची सामाजिक व राजकीय समानता घडवून आणण्याच्या बाजूचा मी नाही आणि कधीच नव्हतो, असे ते तिथे सुरुवातीलाच म्हणतात. कृष्णवर्णीयांनी मतदार व्हावे, ज्यूरीत बसावे, पदे भूषवावीत, गोऱ्यांशी लग्न करावे, यांतले काहीही आपल्याला नको असेही सांगतात. दोन भाषणांत जेमतेम सव्वादोन महिन्यांचे अंतर आहे. शिकागो इलिनॉयच्या उत्तरेला, चार्ल्स्टन त्याच राज्याच्या दक्षिणेकडच्या भागात, जिथे केंटकीकडून येऊन वसलेली घरे पुष्कळ होती. शिवाय १८५३ साली इलिनॉयने बाहेरच्या कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहण्यास बंदी करणारा कायदाच केला होता आणि हे सगळे श्रोते त्या राज्याचे मतदार होते.

शाहूपुरीत गुळाचा व्यापार केलेले एक काका मागच्या रांगेत बसत. ते म्हणाले, “सर, मत मागायला उभा राहिलेला माणूस कुठल्या गावात काय बोलतो, ते आम्हाला सांगायला नको.” बऱ्याच जणांनी मान डोलावली. त्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलेला प्रश्न मला या संपूर्ण वर्गातला सर्वांत मोलाचा वाटला. “काका, पण मग त्याला मत देणाऱ्यांत ज्यांच्याबद्दल बोलणे चालले आहे ते कुठे होते? ते तर सभेला उभेसुद्धा नव्हते ना?” यावर बराच वेळ बोलणे झाले आणि माईक हातोहात फिरत राहिला.

इथे पुस्तिकेविषयी माझी पहिली तक्रार नोंदवतो. शिकागो आणि चार्ल्स्टन समोरासमोर ठेवले की वाचणारा आपोआप असा अर्थ काढतो की गाव बदलले तशी जीभ बदलली. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच अपुरे आहे. या दोहोंच्या मध्ये २१ ऑगस्टला ओटावा येथे पहिली वादसभा झाली. ओटावा उत्तर इलिनॉयमध्ये आहे आणि तिथे खूश करण्यासारखा दक्षिणी मतदार फारसा नव्हता. तरीही तिथे लिंकन म्हणतात की दोन वंशांत शारीरिक भेद आहे आणि वरचे स्थान ठेवायचेच असेल तर ते माझ्या वंशाला असावे अशा मताचा मी आहे. आणि लगेच पुढे म्हणतात की जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे हक्क कृष्णवर्णीय माणसालाही तितकेच आहेत, आणि स्वतःच्या हाताने मिळवलेली भाकरी दुसऱ्या कोणाची परवानगी न घेता खाण्याच्या हक्कात तो माझ्या, न्यायाधीश डग्लस यांच्या आणि हयात असलेल्या प्रत्येक माणसाच्या बरोबरीचा आहे. एकाच व्यासपीठावर, एकाच श्वासात दोन्ही गोष्टी आहेत. पिओरियातही त्या होत्या. म्हणजे ती निवडणुकीपुरती घेतलेली भूमिका नव्हती. गुलामगिरीविरुद्धची चीड आणि गोऱ्यांच्या वरचढपणाची सवय या दोन्ही त्या माणसात खरोखर एकत्र नांदत होत्या. ओटावाचा उतारा पुस्तिकेत शेवटी परिशिष्टात, बारीक टाइपात घातला आहे. तो मधोमध, पूर्ण पानावर हवा.

चौथ्या सत्राला सर सर्वांत जास्त तयारीने आले होते. १८६२ पर्यंत लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि फुटून निघालेल्या दक्षिणेकडील गुलामीच्या राज्यांशी यादवी युद्ध पेटले होते. १८६२ सालच्या उन्हाळ्याची जवळजवळ दिवसवार मांडणी त्यांनी फळ्यावर केली आणि ती मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या वर्षी १६ एप्रिलला राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी कायद्याने संपली. मालकांना दर माणशी ३०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना त्यांच्या आयुष्यभराच्या श्रमाबद्दल काहीही मिळाले नाही, आणि देश सोडून जायला जे तयार होतील त्यांच्यासाठी १०० डॉलरपर्यंतची तरतूद होती. २२ जुलैला लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला. रणांगणावर विजय मिळेपर्यंत थांबावे, नाहीतर हा पराभूताचा आक्रोश वाटेल, असा सल्ला परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी दिला. मसुदा टेबलाच्या खणात गेला.

त्यानंतर १४ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी ५ कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावण्यात आले. लिंकन त्यांच्याशी बोलले म्हणण्यापेक्षा त्यांनी एक निवेदन ऐकवले असे म्हणणे योग्य. तुमच्या वंशावर जगात कोणत्याही लोकांवर झालेला नाही एवढा मोठा अन्याय झाला आहे, हे त्यांनी मान्य केले. पण तुमचा वंश आमच्यात नसता तर हे युद्धच झाले नसते, म्हणून आपण वेगळे व्हावे हे दोघांच्याही हिताचे आहे, असे सांगून मध्य अमेरिकेत कोळशाच्या खाणी असलेल्या प्रदेशात वसाहत करण्याचा प्रस्ताव मांडला. हे बोलणे लगेच वर्तमानपत्रांत छापून आले. आठ दिवसांनी, २२ ऑगस्टला, संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या जाहीर पत्रात त्यांनी लिहिले की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आले तर मी तसे करीन, सर्वांना मुक्त करून वाचवता आले तर तसे करीन, आणि काहींना मुक्त करून वाचवता आले तर तेही करीन. पत्राच्या शेवटी आपली वैयक्तिक इच्छा मात्र सर्व माणसे सर्वत्र मुक्त असावीत हीच असल्याचे नोंदवले. हे लिहिताना मसुदा खणात पडलेला होता. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत दक्षिणेची चढाई परतवली गेली आणि २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला.

या क्रमाचे दोन अर्थ लावले जातात आणि सरांनी दोन्ही पूर्ण ताकदीने मांडले. एक असा की गोऱ्या जनमताला पुढच्या धक्क्यासाठी तयार करण्याकरिता लिंकन यांनी मुद्दाम थंड, हिशेबी भाषा वापरली. दुसरा असा की कृष्णवर्णीयांना देशाबाहेर वसवण्याची कल्पना त्यांनी १८५२ पासून जाहीरपणे उचलून धरली होती, तेव्हा १४ ऑगस्टचे बोलणे डावपेच मानण्याचे कारण नाही. मला दुसरा अर्थ अधिक पटतो. दहा वर्षे जी गोष्ट माणूस ठिकठिकाणी सांगतो, ती अकराव्या वर्षी केवळ नाटक ठरत नाही. ग्रीलींच्या पत्राबाबत पहिला अर्थ लागू पडू शकेल. ५ माणसांना घरी बोलावून त्यांनाच युद्धाचे कारण ठरवण्याबाबत तो लावणे मला जड जाते. पण १ जानेवारी १८६३ च्या अंतिम जाहीरनाम्यात वसाहतीचा शब्दही नाही आणि त्याऐवजी कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची घोषणा आहे. प्राथमिक जाहीरनाम्यापासून शंभर दिवसांत हा बदल झाला. तो का झाला, हा खरा प्रश्न आहे, आणि नेमका तिथेच वर्ग कमी पडला.

जाहीरनाम्याचा नकाशा रंगवून दाखवला, ते उत्तम झाले. युद्धाची गरज म्हणून सरसेनापतीच्या अधिकारात काढलेला तो आदेश होता, त्यामुळे संघराज्याशी निष्ठ राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामीची राज्ये, तसेच टेनेसी आणि लुइझियाना व व्हर्जिनियाचे काही भाग त्यातून वगळले होते. नकाशा समोर असला की ‘लिंकननी एका सहीने गुलामगिरी संपवली’ हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही. गुलामगिरी संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, जी प्रतिनिधीगृहाने ३१ जानेवारी १८६५ रोजी मंजूर केली आणि जिला राज्यांची पुरेशी मान्यता डिसेंबरमध्ये, लिंकन यांच्या मृत्यूनंतर, मिळाली.

आता पोकळीबद्दल. लिंकन का बदलले याचे वर्गाने दिलेले उत्तर असे की ते मुळात विचारी आणि वाढत जाणारे गृहस्थ होते. हे खरे आहे, पण निम्मे आहे. मे १८६१ मध्ये, युद्ध सुरू होऊन महिना-सव्वा महिनाच झाला असताना, व्हर्जिनियात शत्रूच्या तटबंदीवर राबवले जाणारे ३ गुलाम रात्री होडीने निसटून मन्रो किल्ल्यात संघराज्याच्या सैन्याकडे आले आणि जनरल बटलर यांनी त्यांना परत देण्यास नकार दिला. त्यांच्यामागून शेकडो, मग हजारो आले. या पळून येणाऱ्या माणसांचे करायचे काय हा प्रश्न कोणत्याही भाषणाने वॉशिंग्टनपुढे उभा केला नव्हता. तो त्या माणसांच्या पायांनी उभा केला. पुस्तिकेत याला एक परिच्छेदही नाही. जाहीरनाम्यानंतर भूदलात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले, त्याला एक ओळ. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत असताना त्यांना १० डॉलर देऊन त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात, मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा पगार घेण्याचेच नाकारले आणि १८६४ च्या जूनमध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, समान वेतन मान्य केले, हे तर आलेच नाही. हैतीजवळच्या इल आ वाश बेटावर १८६३ च्या एप्रिलमध्ये साडेचारशेच्या आसपास मुक्त माणसांना एका कंत्राटदाराच्या हवाली केले गेले, तिथे रोगराईने आणि उपासमारीने कित्येक दगावले आणि पुढच्या वर्षी सरकारी जहाज पाठवून उरलेल्यांना परत आणावे लागले. वसाहतीची कल्पना प्रत्यक्षात कशी दिसते याचा हा जिवंत पुरावा आहे, पण तो सरांच्या बोलण्यात ओझरता येऊन गेला.

सर्वांत खटकली ती फ्रेडरिक डग्लस यांची अनुपस्थिती. गुलामीतून पळून आलेले, स्वतःचे नियतकालिक चालवणारे हे वक्ते १८६२ च्या सप्टेंबरमध्येच १४ ऑगस्टच्या भाषणावर तुटून पडले होते. पुढे १० ऑगस्ट १८६३ रोजी ते स्वतः लिंकन यांना भेटायला गेले आणि सैनिकांच्या वेतनाची बाब तोंडावर मांडली. ते पुस्तिकेत येतात ते थेट शेवटच्या सत्रात, लिंकन गेल्यानंतर. जिवंतपणी जो माणूस लिंकन यांच्याशी भांडला, त्याला केवळ श्रद्धांजलीच्या व्यासपीठावर उभे करणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि लिंकन यांच्यावरही आहे, कारण त्या भांडणाला कान देण्याची जी क्षमता लिंकन यांनी दाखवली ती यामुळे वाचकाला दिसतच नाही.

इतके बोलून झाल्यावर हेही सांगितले पाहिजे की शेवटचे सत्र फार चांगले झाले. १३ मार्च १८६४ रोजी लुइझियानाचे गव्हर्नर हान यांना लिहिलेले खासगी पत्र आधी वाचले. काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः जे बुद्धिमान आहेत आणि जे आपल्या फौजेत शौर्याने लढले त्यांना, मताधिकार देता येईल का, असे लिंकन त्यात हळूच सुचवतात. मग ११ एप्रिल १८६५ चे, निवासस्थानाच्या खिडकीतून केलेले शेवटचे भाषण. खासगी पत्रातली तीच गोष्ट इथे ते प्रथमच चारचौघांत बोलतात. चार्ल्स्टनला ‘मतदार नको’ म्हणणाऱ्या माणसाला इथवर यायला साडेसहा वर्षे लागली, आणि जे मागितले तेही सर्वांसाठी नव्हते. खालच्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली. पुस्तिकेचे हे पान वाचून दाखवताना सरांचा आवाज बदलला. त्यात कृत्रिम काही नव्हते.

त्यानंतर फ्रेडरिक डग्लस यांचे १४ एप्रिल १८७६ चे भाषण. वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांच्या स्मारकाचे अनावरण होते. पैसे प्रामुख्याने मुक्त झालेल्या गुलामांनी दिलेले, पण शिल्पात उभे लिंकन आणि त्यांच्या पायाशी गुडघा टेकलेला कृष्णवर्णीय माणूस. राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना डग्लस म्हणाले की लिंकन हे प्रामुख्याने गोऱ्यांचे अध्यक्ष होते. गोरे त्यांची मुले आणि आपण फार तर सावत्र मुले. अस्सल गुलामीविरोधकाच्या जागेवरून पाहिले तर ते संथ, थंड, मंद आणि बेफिकीर वाटत. पण ज्या देशाच्या भावना त्यांना राज्यकर्ते म्हणून ध्यानात घ्याव्या लागत, त्या मापाने मोजले तर ते वेगवान, तळमळीचे, जहाल आणि निश्चयी होते. स्मारकासमोर उभे राहून, कृतज्ञता न लपवता आणि हिशेबही न सोडता बोलण्याचे याहून थोर उदाहरण माझ्या वाचनात नाही.

कोल्हापुरात हे वाचताना मनात आपल्या माणसांचा विचार येणारच, आणि तो वर्गातही आला. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते अमेरिकेतील सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल. बिंदू चौकातल्या त्यांच्या पुतळ्यावरून आपण रोज जातो, पण अर्पणपत्रिकेत लिंकन यांचे नाव नाही हे माझ्या लक्षात या वर्गामुळे आले. यादवी युद्ध संपून आठच वर्षे झाली होती, लिंकन यांची कीर्ती जगभर होती, आणि तरी जोतीरावांनी आभार मानले ते लोकांचे. माझ्या वरच्या तक्रारीला याहून भक्कम आधार मी शोधूनही सापडला नसता.

दुसरा प्रश्न वकीलसाहेबांनी काढला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली एका हुकमाने मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, मग लिंकन यांना एवढी वर्षे का लागली? सरांनी संस्थानिकाचा हुकूम आणि मतांवर निवडून आलेल्या अध्यक्षाचे अधिकार यांतला फरक नीट समजावून दिला. पण आपल्याकडच्या थोरांची मतेही अशीच तारीखवार वाचता येतील का, असे त्या स्पर्धा परीक्षेच्या मुलीने विचारल्यावर वेळ संपल्याचे कारण देऊन विषय आवरता घेतला. सरांची अडचण मी समजू शकतो. तरीही १९०२ चा आदेश, १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि १९२० ची माणगाव परिषद यांचे कागद ज्या गावाने जपले आहेत, तिथे अशा वाचनाला घाबरण्याचे कारण नाही. महाराजांच्या बाबतीत ते कागद त्यांची थोरवी अधिकच स्पष्ट करतात, असे माझे मत आहे.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. सभागृह हवेशीर आहे, मात्र जिना अरुंद आणि उंच असल्याने वयस्कांना त्रास होतो. पावसाच्या आवाजात मागे ऐकू येत नसे, माईक दुसऱ्या सत्रापासून आला. वेळ काटेकोर पाळली जाते. अनुवादाची भाषा बहुतेक ठिकाणी स्वच्छ आहे. कायद्याच्या मसुद्यांत मात्र वाक्ये इतकी लांबली आहेत की ती दोनदा वाचावी लागतात. ध्वनिमुद्रण मिळत नाही, त्यामुळे एखादे सत्र चुकले तर ते चुकलेच. ६०० रुपयांत केवळ पुस्तिकाही वसूल होते. दहावीच्या खालच्या मुलांना पाठवू नये. इतिहासाच्या शिक्षकांनी मात्र जमेल तसे जाऊन यावे.

संयोजकांना मी लेखी तीन सूचना दिल्या आहेत आणि त्यांनी त्या विचारात घेण्याचे कबूल केले आहे. ओटावाचा उतारा परिशिष्टातून काढून शिकागो आणि चार्ल्स्टनच्या मध्ये, मोठ्या टाइपात छापावा. मन्रो किल्ल्यापासून समान वेतनापर्यंतचा भाग स्वतंत्र सातवे सत्र म्हणून घ्यावा, त्यासाठी शुल्क शंभर रुपयांनी वाढले तरी चालेल. आणि १४ ऑगस्ट १८६२ च्या पानासमोर, डाव्या बाजूला, डग्लस यांनी त्याला दिलेले सप्टेंबरचे उत्तर काटछाट न करता पूर्ण द्यावे. नाव नोंदवण्याआधी नवी पुस्तिका मागून घ्यावी आणि ते पान त्यात आहे की नाही एवढे पाहावे.